पट्ट्या किती?

व्हिज्युअल बेसिक शिकलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांच्या वहीत सात-आठ ओळींचा एक कोड सापडेल. फॉर्मच्या पेंट इव्हेंटमध्ये तो जसाच्या तसा उतरवायचा आणि एफ-फाइव्ह दाबायचं. करडा, रडका फॉर्म वरच्या कडेला निळाशार व्हायचा आणि खाली येता येता काळ्यात बुडायचा. सॉफ्टवेअरची सीडी घातली की इन्स्टॉलशील्डचा अख्ख्या स्क्रीनभर जो निळा पडदा यायचा, अगदी तसा. प्रोग्रॅम काय, तर किराणा दुकानाच्या बिलांचा. पण त्या निळाईमुळे तो विकत आणल्यासारखा वाटायचा.

कोडचा गाभा सोपा होता. फॉर्मची खरी उंची कितीही असो, ती 256 धरायची. मग 0 पासून 255 पर्यंत लूप फिरवायचा आणि दर फेरीत एक आडवी रेघ मारायची. निळ्याचा आकडा पहिल्या रेघेला 255, दुसरीला 254, असं करत शून्यापर्यंत. एवढं कळायचं. पण लूपच्या आधी दोन ओळी असत: ड्रॉ-विड्थ 2 आणि ड्रॉ-स्टाइल 'इनसाइड सॉलिड'. जाडी 1 का नाही? साधी 'सॉलिड' रेघ का चालत नाही? आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ते तसंच लिहायचं असतं." आम्ही लिहिलं. मंत्रातल्या बीजाक्षरांचा अर्थ कोण विचारत बसतो?

त्या दोन ओळींचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं लागली. तो शोधताना लक्षात आलं की संगणकावरच्या ग्रेडियंटचा सगळा इतिहास एकाच भांडणाभोवती फिरत आलाय. एका रंगातून दुसऱ्या रंगात जायचं तर मधे पट्ट्या किती, आणि तो आकडा ठरवायचा कोणी?

*

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत. डेव्हिड इव्हान्स 1965 मध्ये तिथल्या विद्यापीठात परतला आणि त्याने संगणकशास्त्राचा विभाग उभा केला. 1968 मध्ये आयव्हन सदरलंड येऊन मिळाला. पैसा 'आर्पा'चा, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. एका आडबाजूच्या विद्यापीठात पुढच्या सात-आठ वर्षांत जे विद्यार्थी जमले, त्यांची नावं वाचली की थक्क व्हायला होतं: अ‍ॅलन के, एड कॅटमल, जिम क्लार्क, जॉन वॉर्नॉक. यातल्या वॉर्नॉकला लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

तिथे सगळे मिळून एकाच गोष्टीच्या मागे होते. पडद्यावरची वस्तू भरीव दिसली पाहिजे. वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान सपाट तुकड्यांत मोडायचा, प्रत्येक तुकड्यावर उजेड किती पडतो ते काढायचं आणि तेवढी करडी छटा त्या तुकड्यात भरायची, अशी तेव्हाची रीत होती. डबा, घर, पेटी यांना ते चालायचं. गोल वस्तूला मात्र पैलू पडत. तुकडे वाढवले, की पैलू लहान होत, पण जात नसत.

ते का जात नसत, याचं उत्तर शंभर वर्षं जुनं होतं. 1865 मध्ये अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की उजेडाचा बदल जिथे एकदम होतो तिथे डोळा तो आहे त्याहून ठळक करून दाखवतो. दोन करड्या पट्ट्या शेजारी ठेवा; फिकट पट्टी कडेशी आणखी फिकट दिसते आणि गडद पट्टी आणखी गडद. प्रत्यक्षात तसं काहीच नसतं. जंगलात वाघाची कड ओळखायला हे बरं असेल, पण चित्र रंगवणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने मानवी डोळा म्हणजे सासूच. नेमकं उणं तेवढंच तिला आधी दिसायचं.

आंरी गुरो हा फ्रेंच विद्यार्थी युटात पीएचडी करत होता. 1971 मध्ये त्याने या पैलूंवर जो उपाय मांडला तो ऐकायला फारच साधा आहे. अख्ख्या तुकड्याला एक छटा द्यायची नाही. छटा फक्त कोपऱ्यांवर काढायची. मग दोन कोपऱ्यांमधल्या कडेवर ती प्रमाणात वाटायची, आणि आडव्या ओळीत डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पुन्हा प्रमाणात वाटायची. एका टोकाला 40, दुसऱ्याला 80, मधे दहा पिक्सेल, तर दर पिक्सेलला 4 वाढवत जायचे. एका पिक्सेलमागे एक बेरीज. तेव्हाच्या यंत्रांना परवडेल असं दुसरं काही नव्हतंच. शेजारच्या तुकड्याचा कोपरा तोच असल्यामुळे कडेवर दोघांची छटा जुळायची आणि सांधा गायब व्हायचा.

उदाहरणासाठी चेहरा हवा होता. गुरोने बायकोला, सिल्वीला, बसवलं, तिच्या चेहऱ्यावर तुकड्यांच्या रेघा आखल्या, फोटो काढले आणि त्यावरून कोपऱ्यांची मापं घेतली. चेहऱ्यावर जाळं रेखलेली एक तरुणी शांतपणे कॅमेऱ्यात पाहते आहे, हा फोटो संगणक-चित्रकलेच्या इतिहासात आजही छापला जातो. नवऱ्याच्या प्रबंधासाठी अनेकींनी टायपिंग केलं असेल. सिल्वीने तोंड दिलं.

माखची भुतं यानेही पूर्ण गेली नाहीत. सांध्यावर छटा जुळली, तरी छटेचा उतार एकदम बदलला की डोळा ती जागा पकडतोच. 1973 मध्ये युटातल्याच बुई तुओंग फाँगने त्यावर महागडा पण देखणा तोडगा काढला. 1975 मध्ये, ऐन तारुण्यात, तो गेला. त्याची पद्धत त्रिमितीच्या जगात राहिली. सपाट खिडक्यांच्या जगात, म्हणजे तुमच्या-माझ्या डेस्कटॉपवर, जी यायची होती ती गुरोची स्वस्त बेरीज. पण तिला यायला सत्तावीस वर्षं लागली.

*

आता वॉर्नॉक. युटातून 1969 मध्ये पीएचडी घेऊन तो बाहेर पडला. इव्हान्स आणि सदरलंड यांच्या कंपनीत त्याने काम केलं, 1978 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात गेला आणि 1982 च्या डिसेंबरात चार्ल्स गेश्कीबरोबर त्याने अडोबी ही कंपनी काढली. तिचं पहिलं अपत्य पोस्टस्क्रिप्ट. कागदावर काय कुठे छापायचं हे सांगणारी ही भाषा 1984 मध्ये तयार झाली आणि 1985 मध्ये अ‍ॅपलच्या लेझररायटर प्रिंटरमध्ये बसून जगभर गेली. अक्षरं, वक्ररेषा, आकार, सगळं त्या भाषेत गणिताने सांगता यायचं. आकार भरण्यासाठी 'फिल' अशी आज्ञा होती. ती आकारात रंग भरायची. एकच रंग.

म्हणजे ज्या विद्यापीठात दोन छटांमधला प्रवास सुटला, तिथेच घडलेल्या माणसाच्या भाषेत तो सांगायची सोय नव्हती. मला यात विरोधाभासापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. त्या प्रिंटरकडे होताच मुळी एक काळा टोनर.

काळ्या टोनरमधून करडा कसा काढतात? वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून पाहिलेला प्रत्येक जण हे जाणतो. ठिपके. लेझररायटर इंचाला 300 ठिपके टाकायचा. करड्यासाठी ते चौकटींत वाटायचे. इंचाला 60 चौकटी धरल्या तर एकेका चौकटीत 5 गुणिले 5, म्हणजे 25 ठिपके. एकही न टाकता पांढरा, सगळे टाकून काळा. मोजून 26 छटा झाल्या. तुम्ही लूप लावून 256 पट्ट्या काढा नाही तर हजार. कागदावर 26 च उमटणार. चौकटी बारीक केल्या की छटा कमी, छटा वाढवल्या की चौकटी ढोबळ. ओढाताण तिथेच होती आणि कितीही हुशार कोड लिहून ती सुटत नव्हती.

पडद्यांची अवस्था त्याहून बिकट. 1984 च्या मॅकिंटॉशचा पडदा 512 गुणिले 342 पिक्सेलचा, आणि पिक्सेल एक तर काळा नाही तर पांढरा. बिल अ‍ॅटकिन्सनने त्याच्यासाठी लिहिलेल्या क्विकड्रॉमध्ये आकार भरायला 8 गुणिले 8 चे नमुने होते: विटा, रेघा, विरळ ठिपके, दाट ठिपके. विरळ ठिपके लांबून फिकट करडे दिसत, दाट ठिपके गडद करडे. आपल्याकडच्या धूपछाव साडीची हीच युक्ती आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि अंगावर दिसतो तिसराच. संगणकवाले याला डिदरिंग म्हणतात. कोडॅकमधल्या ब्राइस बेयरने 1973 मध्ये त्याची एक शिस्तशीर जाळी मांडली होती, आणि 1976 मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी दुसरी रीत छापली: पिक्सेलला हवी ती छटा देता आली नाही, तर जी चूक राहिली ती शेजाऱ्यांच्या खात्यावर टाकायची.

*

चित्रकारांना या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना आकाश हवं होतं, वर गडद आणि खाली फिकट. 1988 मध्ये बाजारात आलेल्या आल्डस फ्रीहँडमध्ये आकार भरण्याच्या पर्यायांतच क्रमाने बदलणारा रंग होता. अडोबीच्या स्वतःच्या इलस्ट्रेटर 88 मध्ये 'ब्लेंड' नावाचं हत्यार आलं. त्यात दोन आकार निवडायचे आणि मधे पायऱ्या किती ते सांगायचं. सरळ ग्रेडियंट इलस्ट्रेटरमध्ये यायला 1993 उजाडलं. नाव काहीही असो, कागदावर उतरताना दोन्हींचं शेवटी तेच व्हायचं. प्रोग्रॅम शेकडो अरुंद पट्ट्या कापायचा, प्रत्येकीत एकेक रंग भरायचा आणि ती चळत प्रिंटरकडे पाठवायचा.

आपल्याकडे ही चळत कोरलड्रॉमधून आली. कॅनडातल्या ऑटवा शहरातल्या कोरल कंपनीने ते 1989 मध्ये काढलं आणि पुढच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत 'डीटीपी' या अक्षरांचा अर्थ जवळजवळ कोरल आणि पेजमेकर एवढाच झाला. कोरलने ग्रेडियंटला 'फाउंटन फिल' असं काव्यमय नाव दिलं होतं. आपल्या ऑपरेटरांनी ते नाव मेनूतच ठेवलं. ते म्हणत, "शेड टाक." वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याच्या पाठीमागे केशरीतून पिवळ्यात जाणारं जे तेज असतं, ते या शेडचंच. त्या फाउंटन फिलच्या खिडकीत 'स्टेप्स'चा एक चौकोन असायचा, आणि आत आकडा 256. त्याला सहसा कोणी हात लावत नसे.

हात लावायला हवा होता, निदान काही वेळा. समजा, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर 25 सेंटिमीटर उंच आकाश आहे, निळ्याच्या 30 टक्क्यांपासून 10 टक्क्यांपर्यंत उतरणारं. शून्य ते शंभर टक्क्यांना 256 पायऱ्या, तर या 20 टक्क्यांच्या वाट्याला आल्या 51. म्हणजे एकेक पट्टी जवळजवळ 5 मिलिमीटरची. आकाश कसलं, ती जिन्याची पायरी झाली! माखची भुतं लगेच प्रत्येक पायरीवर येऊन बसतात. छपाई महाग, फिल्म महाग, आणि दोष दिसायचा तो गठ्ठे बांधून झाल्यावर. अनुभवी माणसं मग आकाशावर फोटोशॉपमध्ये थोडे दाणे शिंपडून आणत, किंवा गिऱ्हाइकाला पटवून उतार आखूड करत.

दोष ऑपरेटरचा नव्हता आणि खरं तर कोरलचाही नव्हता. पट्ट्या किती हव्यात हे यंत्रावर अवलंबून असतं. घरच्या लेझरला 26 पुरतात, फिल्म काढणाऱ्या इमेजसेटरला शेकड्याने लागतात. आणि चित्र काढणाऱ्याला ते कुठल्या यंत्रावर उतरणार हे माहीतच नसतं. ज्याला माहीत नाही त्याला आकडा विचारला जात होता. ज्याला माहीत आहे ते यंत्र गप्प होतं.

1997 च्या पोस्टस्क्रिप्ट 3 ने हा कारभार उलटा केला. त्यात 'शेडिंग' हा नवा प्रकार आला. कुठून कुठे, कोणत्या रंगातून कोणत्या रंगात, एवढंच सांगायचं. पट्ट्या पाडायच्या की ठिपके विणायचे, ते यंत्राने आपल्या कुवतीप्रमाणे बघून घ्यावं. शेडिंगचे सात प्रकार ठरवले होते. सरळ रेषेतलं, वर्तुळातलं, वगैरे. चौथा आणि पाचवा प्रकार त्रिकोणांच्या जाळ्यांचा, आणि अडोबीच्या कागदपत्रांत त्यांची नावं आहेत 'गुरो-छायित त्रिकोणजाळी'. सव्वीस वर्षांनी युटातला तो फ्रेंच विद्यार्थी वॉर्नॉकच्या भाषेत पोचला होता. दोन वर्षांनी हेच सातही प्रकार पीडीएफमध्ये गेले. आज तुम्ही उघडलेल्या कुठल्याशा पीडीएफमध्ये सिल्वीच्या गालांचं गणित निमूटपणे चालू असेल.

*

आता आमची बीजाक्षरं.

विंडोजमध्ये चित्र काढण्याचं खातं म्हणजे जीडीआय. त्यात दोन अवजारं. पेन रेघ मारायला, ब्रश आकार भरायला. त्या काळी घरोघरी, क्लासक्लासमध्ये व्हीजीए कार्ड असे; 640 गुणिले 480 पिक्सेल आणि रंग 16. ब्रशला या 16 मध्ये नसलेला रंग मागितला तर तो धूपछाव करायचा. 16 मधले जवळचे रंग 8 गुणिले 8 च्या चौकटीत विणून मागितलेला रंग भासवायचा. पेन मात्र एककल्ली. एक पिक्सेल जाडीच्या रेघेत विणकामाला जागाच कुठे असते! त्यामुळे पेन 16 पैकी सगळ्यात जवळचा शुद्ध रंग उचलायचं आणि रेघ ओढायचं.

त्या 16 रंगांत निळे किती? भडक निळा, गडद निळा. आणि मग काळा. म्हणजे व्हिज्युअल बेसिकमध्ये साध्या पेनाने 256 रेघा मारल्या असत्या तर फॉर्मवर तीन जाड पट्टे दिसले असते, एखाद्या अनोळखी देशाच्या झेंड्यासारखे. जीडीआयच्या पेनांत एकच अपवाद होता. 'इनसाइड फ्रेम' या शैलीचं पेन, आणि तेही जाडी 1 हून जास्त असेल तरच, ब्रशसारखं विणकाम करायचं. व्हिज्युअल बेसिकमध्ये त्या शैलीचं नाव 'इनसाइड सॉलिड'. म्हणून जाडी 2. म्हणून ती दोन बीजाक्षरं. हा कोड पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जीडीआयचे कायदे पाठ होते. त्याच्यानंतरच्या आम्हा सगळ्यांना फक्त कोड पाठ होता.

पुढे कार्डं सुधारली तशी दुखणी बदलली. 256 रंगांच्या पडद्यावर विंडोज 20 रंग स्वतःसाठी राखून ठेवायचं. उरलेल्या 236 वर समोरच्या खिडकीचा हक्क. तुम्ही दुसऱ्या प्रोग्रॅमवर क्लिक केलं की रंगांची पेटी त्याच्या हातात जायची आणि मागच्या खिडकीतलं सुंदर आकाश एकाएकी जांभळं-हिरवं होऊन बसायचं. मग आला 16 बिटांचा 'हाय कलर'. त्यात लाल आणि निळ्याला पाच-पाच बिट, हिरव्याला सहा. म्हणजे निळ्याच्या छटा 32. आमच्या 480 पिक्सेल उंच पडद्यावर भागाकार केला की 15 पिक्सेलची एकेक पट्टी. 256 वेळा लूप फिरतोय आणि दिसतायत 32. हिरव्याच्या छटा 64 असल्यामुळे करडा ग्रेडियंट घेतला, तर तो जाता जाता किंचित हिरवट, किंचित गुलाबी व्हायचा. हे पाहून मॉनिटर बिघडला असं समजून तो दुकानात घेऊन गेलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. तो मीच.

विंडोज 95 च्या खिडक्यांची शीर्षकपट्टी एकरंगी गडद निळी होती. त्याच वर्षीच्या ऑफिस 95 मध्ये मात्र वर्ड-एक्सेलच्या शीर्षकपट्ट्या काळ्यातून निळ्यात जायच्या. ऑफिसवाल्यांनी ते स्वतःच्या पदरचं रंगवलं होतं. विंडोजमध्ये तशी सोय नव्हती. घरच्याच लोकांनी कुंपणावरून उडी मारल्यावर बाकीचे कशाला थांबतील? चौकट रंगवण्याचा संदेश विंडोजकडे जायच्या आधीच अडवायचा आणि शीर्षकपट्टीवर आपला लूप फिरवायचा, हा प्रोग्रॅमरांचा आवडता उद्योग झाला. खिडकी हलवताना ते कधी कधी असं काही फडफडायचं की बघवत नसे.

25 जून 1998 ला विंडोज 98 बाजारात आलं आणि शीर्षकपट्टी अधिकृतपणे ग्रेडियंटची झाली. डावीकडे 0, 0, 128 चा गडद निळा, उजवीकडे 16, 132, 208 चा आकाशी. पडदा 256 रंगांचा असेल तर विंडोज तो नाद सोडून एकरंगी पट्टीच दाखवायचं. आपली कुवत ओळखणारं विंडोज मी तेवढंच पाहिलं. सामान्य माणसाला दिसलं ते एवढंच. प्रोग्रॅमरसाठी खरी गंमत 'एमएसआयएमजी 32' नावाच्या एका लहानशा डीएलएलमध्ये होती. तिच्यात 'ग्रेडियंट-फिल' नावाचं फंक्शन होतं. त्याला कोपऱ्यांची यादी द्यायची, प्रत्येक कोपऱ्याचा रंग द्यायचा आणि आडवं की उभं ते सांगायचं. पट्ट्या किती, हे ते विचारतच नव्हतं.

आणि तिसरा पर्याय होता त्रिकोणाचा. तीन कोपरे, तीन रंग, मधलं सगळं कडांवरून आणि मग आडव्या ओळींतून प्रमाणात वाटलेलं. गुरोचा त्रिकोण जसाच्या तसा, बिलिंगचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाताशी येऊन पडला होता. मी तो कोणाला वापरताना फारसा पाहिला नाही. सगळ्यांना शीर्षकपट्टी हवी होती, त्रिकोण कोणाला हवा होता?

या फंक्शनने एक नवा खड्डाही खणून ठेवला होता. रंगाचा आकडा त्यात 0 ते 255 नव्हता. 16 बिटांचा होता, म्हणजे पूर्ण लाल हवा तर 65280 लिहायचं. मधल्या छटा काढताना अपूर्णांक सांडू नयेत, म्हणून ही जादा जागा. पण हाताला 255 चीच सवय. 255 लिहिलं की वरचा बाइट शून्य, आणि पडद्यावर काळोख. कोड बरोबर, रंग बरोबर, आणि खिडकी काळी ठिक्कर. यात किती जणांच्या किती रात्री गेल्या असतील, याचा हिशेब कुठे नाही.

*

त्यानंतरची गर्दी भराभर सांगून टाकतो, कारण मुख्य गोष्ट झालेली होती. त्याच 1998 च्या डिसेंबरात जावाच्या 1.2 आवृत्तीत ग्रेडियंट-पेंट आलं. 2001 मध्ये विंडोज एक्सपीबरोबर जीडीआय प्लस आलं आणि त्यात ग्रेडियंट हाच ब्रश झाला. एकदा बनवला की त्याने चौकोन भरा, वर्तुळ भरा, अक्षरंसुद्धा भरा. मॅकवर 2002 मध्ये क्वार्ट्झने सोय दिली, पण कोणत्या टप्प्यावर कोणता रंग हे सांगणारं फंक्शन तुम्हीच लिहून द्यायचं होतं. तो त्रास 2007 मध्ये गेला. 2005 च्या क्यूटी 4 मध्ये सरळ, वर्तुळाकार आणि घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा, असे तिन्ही आले.

जीडीआय प्लसचा तो ब्रश बनवताना त्याला एक चौकोन द्यावा लागतो. चौकोनाची रुंदी किंवा उंची शून्य असेल तर तो चिडतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. शून्य कशाला असेल, असं मलाही वाटलं होतं. खिडकी मिनिमाइझ केली की तिचं आतलं क्षेत्रफळ शून्य होतं! एका गिऱ्हाइकाकडे माझा प्रोग्रॅम रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद पडायचा. बाई डबा खाताना खिडकी खाली टाकत, बस्स.

पट्ट्यांचा प्रश्न यंत्राकडे गेल्यावर दुसरा प्रश्न वर आला, तो मधल्या रंगाचा. लालातून हिरव्यात जाताना आकड्यांचा मध्य येतो 128, 128, 0, आणि तो मळकट शेवाळी दिसतो. चित्रकाराला तिथे पिवळा हवा असतो. कारण पडद्याला दिलेला आकडा म्हणजे उजेडाचं माप नसतं. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या एस-आरजीबीच्या नियमाने 128 या आकड्याला पडदा पूर्ण उजेडाच्या जेमतेम 22 टक्के उजेड देतो. गुरोची सरळ बेरीज आकड्यांवर चालते, डोळा उजेडावर. जीडीआय प्लसमध्ये यासाठी गॅमा सुधारण्याचा एक खटका होता आणि 2006 च्या डब्ल्यूपीएफमध्ये दोन्हींपैकी हवं ते निवडायची सोय. बहुतेकांनी दोन्हीकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवाळी रंग आला, की मधे हाताने पिवळा ठोकून दिला. माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं.

2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि शीर्षकपट्टी पुन्हा सपाट, एकरंगी झाली. पुढच्या वर्षी आयफोनच्या पडद्यावरूनही काचेची झळाळी उतरली. ग्रेडियंट गावंढळ ठरला. तरुण डिझायनर जुने स्क्रीनशॉट पाहून हसू लागले. काही वर्षांत तो परत आला, जास्त भडक होऊन.

मध्यंतरी मी जुन्या हार्ड डिस्कवरून तो बिलिंगचा प्रोग्रॅम काढला. नव्या विंडोजवर तो मुकाट्याने चालला आणि तेच निळं आकाश वरून खाली काळवंडत गेलं. आता पडदा 3840 गुणिले 2160 चा आहे, रंग एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर आहेत. पण त्यात निळ्याचा वाटा अजून 8 बिटांचाच, म्हणजे 256 छटा. फॉर्म पडद्याएवढा मोठा केला तर एकेक पट्टी आठ-साडेआठ पिक्सेलची होते. विंडोज 98 मधल्या त्या गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत आडवं गेलं तर छटा 129 आणि पट्टी जवळजवळ 30 पिक्सेलची. हाय कलरमध्ये आमची पट्टी 15 पिक्सेलची होती. पडदे रुंद होत गेले, छटा 256 च्या पुढे गेल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीत दिवा बंद करून बसलं की कडा दिसतात, माखने सांगितल्या तशाच.

त्यावर हल्ली गडद पार्श्वभूमीवर बारीक दाणे पेरतात. असल्या एका नव्या कोऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट घेऊन मी त्याचा कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत वाढवला. पट्ट्यांच्या सांध्यावर दोन शेजारी निळे ठिपक्याठिपक्यांनी एकमेकांत विणलेले होते.